झोळीतले तीन दगड

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाहून गेलेली घरे आणि फुगलेली गुरे येतात. तोक्योच्या उत्तरेला, तोचिगी आणि गुन्मा या दोन प्रांतांमधून वाहणाऱ्या वातारासे नदीच्या काठचे शेतकरी मात्र एके काळी पुराला फारसे भीत नसत. डोंगरातल्या जंगलाचा कुजलेला पालापाचोळा पाण्याबरोबर खाली येई, पाणी ओसरे आणि शेतात मळईचा थर बसे. त्या वर्षी खताचा खर्च वाचे.

ऑगस्ट १८९० मध्ये असाच एक मोठा पूर आला. पाणी ओसरले, मळईही बसली. पण त्या मळईत भात तगेना. रोपांची मुळे आखूड राहून कुजत. पाटाचे पाणी शेतात शिरते त्या तोंडापाशी पीक सर्वांत आधी जाई. शेतकऱ्यांनी मग फावडी घेतली. वरचा थर खरवडून काढला आणि शेताच्याच एका कोपऱ्यात त्याचे ढीग घातले. या ढिगांना तिकडे ‘दोकुझुका’ म्हणत, म्हणजे विषाचे ढिगारे. ज्यांना खरवडणे जमले नाही त्यांनी खोल चर खणून वरची माती खाली आणि खालची वर केली. दूषित जमीन स्वच्छ करण्याच्या ज्या युक्त्या पुढे अभियंत्यांनी पुस्तकांत लिहिल्या, त्यांतल्या दोन प्रमुख युक्त्या या निरक्षर-अर्धसाक्षर माणसांनी कंबर मोडून आधीच वापरल्या होत्या. मात्र पुढचा पूर आला की सगळे पहिल्यापासून.

या माणसांच्या बाजूने जो उभा राहिला आणि उभाच राहिला, त्या तानाका शोझो यांचे नाव जपानमधल्या शाळकरी मुलांना ठाऊक असते. आपल्याकडे ते फारसे कोणी ऐकलेले नाही.

शोझो यांचा जन्म १५ डिसेंबर १८४१ चा, कोनाका गावचा. हे गाव आज सानो शहरात मोडते. पाळण्यातले नाव केन्झाबुरो. वडील गावचे मुखिया होते, आपल्याकडच्या पाटलासारखे. पण घर काही मोठे नव्हते. वडिलांना वरची जागा मिळाली तेव्हा कोवळ्या वयातच मुखियापण मुलाकडे आले. शेती होती, जोडीला निळीचा व्यापार होता. मुलगा जरा तोतरा बोले आणि स्वभावाने विलक्षण हट्टी होता. हा हट्ट पुढे पन्नास वर्षे त्याला आणि त्याच्या माणसांना पुरला.

गावचा जहागीरदार रोक्काकु घराण्यातला. त्याच्या कारभाऱ्याने गावांवर मनमानी सुरू केली, तेव्हा तरुण मुखियाने इतर गावांना जमवून तक्रार मांडली. फळ असे मिळाले की १८६८ मध्ये, जपानमध्ये शोगुनांची सत्ता जाऊन सम्राट मेइजींची राजवट येत होती त्याच सुमारास, शोझो दहा महिने वीस दिवस कोठडीत होते. कोठडी कसली, पेटीच ती. धड उभे राहता येत नसे आणि धड पाय पसरता येत नसत. अन्नात विष घालतील या भीतीने त्यांनी काही दिवस लपवून आणलेल्या सुक्या माशावर काढले. सुटका झाली ती गावातून हद्दपारीच्या अटीवर.

मग ते नोकरीसाठी उत्तरेकडे गेले. तिथे एका सरकारी कचेरीत हलकी जागा मिळाली. १८७१ मध्ये त्यांच्या वरिष्ठाचा खून झाला आणि संशय नेमका यांच्यावर आला. छळ झाला, कबुली काही मिळाली नाही, आणि निर्दोष ठरायला १८७४ साल उजाडले. या तुरुंगात एक गोष्ट मात्र चांगली घडली. सॅम्युअल स्माइल्सच्या ‘सेल्फ हेल्प’ या पुस्तकाचा जपानी अनुवाद तेव्हा नुकताच निघाला होता. शोझो तो मोठमोठ्याने वाचत बसत. अर्थ डोक्यात गेला आणि तोतरेपणही बरेचसे गेले. पुढे ज्या आवाजाने संसद हादरायची, तो आवाज या कोठडीत घडला.

गावी परतल्यावरची एक हकीकत माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७७ मध्ये दक्षिणेत सात्सुमाचे बंड झाले. सरकार युद्धासाठी नोटा छापणार, नोटा वाढल्या की भाव चढणार आणि भाव चढले की जमीन चढणार, असा हिशेब या खेड्यातल्या माणसाने बांधला. घरातले किडूकमिडूक विकून सुमारे पाचशे येनची जमीन घेतली. काही महिन्यांतच तिचे तीन हजार येनच्या वर झाले. एवढे बरोबर ताडणारा माणूस पुढे कोट्यधीश व्हायचा. शोझोंनी उलटेच केले. यापुढे पैसा मिळवण्यात वेळ घालवायचा नाही, हा पैसा आणि उरलेले आयुष्य सार्वजनिक कामाला, असे त्यांनी वडिलांना लिहून कळवले आणि त्यांची संमती घेतली. पत्नी कात्सुची संमती घेतल्याची नोंद नाही.

पुढच्या बारा-तेरा वर्षांचा प्रवास भराभर सांगता येतो. तोचिगीत वर्तमानपत्र काढण्यात वाटा, १८८० मध्ये प्रांतिक सभेवर निवड, रस्तेबांधणीसाठी गावकऱ्यांना वेठीला धरणाऱ्या मिशिमा मिचित्सुने या गव्हर्नरशी सामना, त्यापायी १८८४ मध्ये पुन्हा तुरुंग आणि १८८६ मध्ये त्याच सभेचे अध्यक्षपद. १८९० मध्ये जपानची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तीत शोझो संसदेत गेले. ती धरून ते लागोपाठ सहा वेळा निवडून आले. अंगाने आडवे, दाढी अस्ताव्यस्त, अंगात साधा काळा किमोनो. तोक्योतल्या सुटाबुटातल्या प्रतिनिधींना हा गावंढळ गृहस्थ करमणुकीचा विषय वाटे. ही करमणूक फार दिवस टिकली नाही.

आता नदीच्या उगमाकडे जायला हवे. डोंगरात आशियो नावाचे खोरे आहे. १६१० मध्ये तिथे तांबे सापडले आणि शोगुनांच्या काळात खाण भरभराटीला आली. नंतर ती जवळजवळ रिती झाली असे सगळे धरून चालले. १८७७ मध्ये ती घेतली फुरुकावा इचिबेई यांनी. या माणसाबद्दल मनात राग धरून लिहिणे सोपे आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. क्योतोतल्या गरीब घरात जन्मलेला आणि लहानपणी दारोदार तोफू विकणारा हा मुलगा पुढे ओनो नावाच्या मोठ्या पेढीत कारभारी झाला. १८७४ मध्ये ती पेढी बुडाली. तेव्हा त्याने लपवाछपवी न करता आपल्या ताब्यातला माल कर्ज देणाऱ्या बँकेच्या हवाली केला आणि बँक वाचली. ती जपानची पहिली आधुनिक बँक आणि तिचे चालक शिबुसावा एइची. जपानी भांडवलशाहीचे जनक म्हणून ओळखले जाणारे हे शिबुसावा १८८० मध्ये आशियोच्या खाणीत भागीदार झाले. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे. सचोटीला मिळालेली पत कुठल्या कामी लागली हे पाहिले की कर्जवाटपाचा धंदा केलेला माणूस थोडा गप्प होतो.

खाणीत १८८१ आणि १८८४ मध्ये मोठ्या शिरा सापडल्या. थोड्याच काळात देशाच्या एकूण तांब्यापैकी जवळजवळ चाळीस टक्के तांबे एकट्या आशियोतून निघू लागले. १८८८ मध्ये जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी पेढीशी एकोणीस हजार टन तांब्याचा करार झाला. ही तीच पेढी, जिच्याबरोबरच्या चीनच्या व्यापारात आपले मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई मोठे झाले. १८९० मध्ये खाणीने स्वतःचे जलविद्युत केंद्र उभारले. जपान तारायंत्रे, आगगाड्या आणि युद्धनौका विकत घेत होता, आणि त्यासाठी लागणाऱ्या परकीय चलनातला मोठा वाटा तांब्याचा होता.

तांब्याच्या खनिजात गंधक असते. भट्टीत ते जळते आणि त्याचा वायू पावसात मिसळून आम्ल होतो. आशियोभोवतीची झाडे आधी खांबांसाठी आणि कोळशासाठी तोडली गेली, उरली ती या धुराने मेली. भट्टीजवळचे मात्सुकी गाव १९०२ पर्यंत पूर्ण ओसाड झाले. झाडे गेल्यावर डोंगर धुपले आणि पूर वारंवार येऊ लागले. या पुरात खाणीबाहेर टाकलेला दगडचुरा आणि तांब्याचे क्षार वाहत खाली आले. तांबे मातीतल्या चिकणकणांना आणि कुजलेल्या पाल्याला घट्ट धरून बसते. मीठ जसे पावसात धुऊन जाते तसे ते जात नाही. एकदा वरच्या वीतभर मातीत शिरले की नातवंडांपर्यंत तिथेच. आपली ‘खाण तशी माती’ ही म्हण वेगळ्या अर्थाने सांगितली जाते, पण वातारासेच्या काठी ती शब्दशः खरी ठरली. नदीतले मासे तर १८८५ मध्येच मरू लागले होते.

शेतकऱ्यांनी मातीचे नमुने तोक्योच्या शेतकी महाविद्यालयात पाठवले. तिथे कोझाई योशिनाओ नावाचे तरुण अध्यापक होते. त्यांनी पृथक्करण केले आणि अपाय तांब्याच्या संयुगांचा आहे असा स्वच्छ निर्वाळा दिला. सरकारी संस्थेतल्या माणसाने सरकारला नको असलेले उत्तर देणे तेव्हाही सोपे नव्हते. हेच कोझाई पुढे तोक्यो विद्यापीठाचे प्रमुख झाले.

डिसेंबर १८९१ मध्ये शोझोंनी संसदेत पहिला प्रश्न टाकला. खाणीमुळे सार्वजनिक हिताला बाधा आली तर परवाना रद्द करता येतो असा कायदा आहे, राज्यघटनेने मालमत्तेचे संरक्षण दिले आहे, मग सरकार स्वस्थ का, एवढाच सरळ मुद्दा. खात्याचे मंत्री होते मुत्सु मुनेमित्सु. मुत्सुंचा धाकटा मुलगा फुरुकावांनी दत्तक घेतलेला होता. संसद बरखास्त झाली आणि उत्तर नंतर राजपत्रातून आले. नुकसान खरे आहे, कारण मात्र निश्चित सांगता येत नाही, शिवाय खाणमालक परदेशातून चुरा गोळा करण्याची यंत्रे आणीत आहेत, असा त्याचा मथितार्थ.

मग आली समझोत्याची कागदपत्रे. खाणीने गावोगावच्या शेतकऱ्यांना थोडीफार रक्कम दिली आणि यंत्रांचा परिणाम दिसेपर्यंत, म्हणजे जून १८९६ पर्यंत, तक्रार करायची नाही असे लिहून घेतले. पुढे तर कायमचीच तक्रार सोडून देण्याचे करार झाले. ऐन नडीच्या वेळी सही करणारा माणूस काय मनःस्थितीत असतो हे काउंटरच्या पलीकडून मी पुष्कळ पाहिले आहे. शेतीकर्जाच्या अर्जात सातबारा असे, विहीर असे, बैलजोडी असे. मातीच्या पोटात काय आहे हे विचारणारा रकाना आमच्याही अर्जात नव्हता.

१८९६ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात लागोपाठ पूर आले, आणि त्यांपुढे हे करार म्हणजे भिजलेला कागद झाला. शोझोंनी उनर्युजी या देवळात चळवळीची कचेरी उघडली. मार्च १८९७ पासून हजारो शेतकरी पायी तोक्योकडे निघू लागले. या मोर्च्यांना ते ‘ओशिदाशी’ म्हणत, म्हणजे रेटून बाहेर पडणे. शेतीमंत्री एनोमोतो ताकेआकी स्वतः जाऊन जमीन पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी राजीनामा दिला. मंत्र्याने शेत पाहून खुर्ची सोडल्याची उदाहरणे कुठल्याही देशात थोडीच सापडतील.

२७ मे १८९७ रोजी सरकारने खाणीला सदतीस कलमांचा हुकूम काढला. गाळ निवळवण्याचे तलाव, गाळणवाफे, चुन्याने आम्ल मारणे, टाकाऊ दगडाच्या ढिगांना बंदिस्ती, धुरातले गंधक काढण्याचा मनोरा. प्रत्येकाला मुदत आणि मुदत चुकली तर खाण बंद. फुरुकावांनी दहा लाख येनच्या वर खर्च करून, रात्रंदिवस माणसे राबवून, कामे मुदतीत उरकली. हे श्रेय त्यांना द्यायला हवे. तलाव आणि वाफे बऱ्यापैकी चालले, मनोरा साफ फसला. पण खरी गोम वेगळीच होती. हुकूम होता तो पुढे निघणाऱ्या विषासाठी. हजारो एकर शेतांत आधीच मुरलेल्या तांब्याचे काय करायचे, याबद्दल सदतीस कलमांत काही नव्हते. गळका नळ बदलला आणि घरात गुडघाभर पाणी तसेच राहिले, असा तो प्रकार.

सरकारने शेतकऱ्यांना एक सवलत दिली. नापीक झालेल्या जमिनीचा सारा माफ केला. यात मेख अशी की त्या काळी मताचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यालाच होता. सारा माफ झाला आणि शेतकऱ्यांची मतेही गेली. सारा नाही म्हणून गावांची शाळा-दवाखान्यांची तिजोरीही आटली.

सप्टेंबर १८९८ मध्ये पुन्हा हजारोंचा मोर्चा निघाला. शोझो तोक्योच्या वेशीजवळ होकिमा येथे त्यांना सामोरे गेले. नवे मंत्रिमंडळ त्यांच्या मित्रपक्षाचे होते. पन्नास प्रतिनिधी ठेवा, बाकीचे घरी जा, सरकारने ऐकले नाही तर मी तुमच्या पुढे चालेन, असे त्यांनी सांगितले. लोक रडले आणि परतले. ते मंत्रिमंडळ काही आठवड्यांतच पडले. हा शब्द शोझोंच्या मनात काट्यासारखा रुतून राहिला. पुढल्या वर्षी खासदारांचे वार्षिक वेतन आठशे येनवरून दोन हजार करण्यात आले. शोझोंनी विरोध केला आणि मग वाढच काय, सगळे वेतनच नाकारले.

१३ फेब्रुवारी १९०० ला कावामाता येथे नदी ओलांडायला निघालेल्या शेतकऱ्यांवर पोलीस तुटून पडले. कित्येकजण जखमी झाले, एक्कावन्न जणांवर खटले भरले गेले. चार दिवसांनी शोझोंनी संसदेत आपला सर्वांत कठोर प्रश्न विचारला. आपल्याच प्रजेला मारणारे राज्य बुडत असते आणि बुडतो आहोत हे न कळणे हेच खरे बुडणे, असा त्याचा रोख. पंतप्रधान यामागातांनी प्रश्नाचा अर्थ लागत नाही म्हणून उत्तर देत नाही असे कळवले. खटला मात्र गमतीदार रीतीने संपला. माएबाशी, तोक्यो, सर्वोच्च न्यायालय असे फिरत तो १९०२ मध्ये सेंदाईला गेला आणि आरोपपत्रावर सरकारी वकिलाने स्वहस्ते सही केलेली नाही या कारणावरून निकालात निघाला. शिक्षा झाली ती प्रेक्षकांत बसलेल्या शोझोंना. सरकारी वकिलाच्या भाषणात त्यांनी मोठी जांभई दिली होती. त्या जांभईचे चाळीस दिवस. या तुरुंगवासात त्यांनी बायबल वाचले. ख्रिस्ती ते झाले नाहीत, पण ते पुस्तक पुढे कायम जवळ राहिले.

मधल्या काळात त्यांनी आयुष्यातले सर्वांत प्रसिद्ध कृत्य केले होते. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. कात्सुला काडीमोडाचा कागद पाठवला, कारण जे करायचे होते त्याची झळ तिला लागू नये. १० डिसेंबरला सम्राट मेइजी संसदेचे उद्घाटन करून परत निघाले असताना साठीचा हा म्हातारा हातात अर्ज धरून बग्गीकडे धावला. अर्ज पत्रकार कोतोकु शुसुई यांनी रात्री बसून लिहून दिला होता. शोझोंनी त्यात जागोजागी दुरुस्त्या करून प्रत्येक दुरुस्तीवर नियमाप्रमाणे शिक्का उमटवला होता. जिवावर उदार झालेला माणूस शिक्के मारायला विसरला नाही, हे मला फार आवडते. रखवालदार स्वार घोड्यावरून कोसळला, शोझोही पडले, पोलिसांनी धरले. जबर शिक्षा होणार असे सगळ्यांना वाटले. सरकार हुशार निघाले. हा वेडा आहे असे ठरवून संध्याकाळी सोडून दिले.

अर्ज पोचला नाही, पण बातमी देशभर पोचली. डिसेंबर संपायच्या आत शेकडो विद्यार्थी पूरग्रस्त गावे पाहायला गेले. सरकारला दुसरी चौकशी समिती नेमावी लागली. समितीने म्हटले की शेतातले तांबे बहुतेक १८९७ च्या आधीचे आहे, आता खरा प्रश्न पुराचा आहे. तेव्हा नदीच्या खालच्या अंगाला पुराचे पाणी साठवायला एक मोठा खोलगट प्रदेश राखावा. विषाचा प्रश्न असा अलगद पाण्याचा प्रश्न झाला. साइतामा प्रांतातल्या दोन गावांनी बुडायला नकार दिला आणि मग बोट यानाका गावावर टेकले.

यानाका हे सुमारे सत्तावीसशे वस्तीचे गाव. १९०२ मध्ये तिथला बांध फुटला, आणि प्रांताच्या सरकारने तो धड दुरुस्तच केला नाही. शेते पाण्याखाली राहिली, जमिनीचा भाव पडला आणि पडलेल्या भावाने सरकारने खरेदी मांडली. आधी तारण खराब होऊ द्यायचे आणि मग त्याच खराबीकडे बोट दाखवून किंमत पाडायची, ही रीत जुनीच आहे. डिसेंबर १९०४ मध्ये, देश रशियाशी युद्धात गुंतलेला असताना, प्रांतिक सभेने रात्रीच्या बैठकीत खरेदीचा खर्च मंजूर करून टाकला.

शोझो त्याआधीच, जुलै १९०४ मध्ये, यानाकात राहायला आले होते. वय बासष्ट. एकेकाळी या लोकांना शिकवायला आपण आलो असे त्यांना वाटे. हळूहळू ध्यानात आले की पाणी, वारा, माती यांतले या माणसांना जे कळते ते आपल्याला कळत नाही. मग ते ऐकायला लागले. त्यांच्या डायऱ्यांचा सूर या वर्षांत बदलतो आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण संसदेतल्या भाषणांपेक्षा इथे अधिक आहे. १ जुलै १९०६ ला यानाका हे नाव कागदावरून पुसले गेले. त्या सुमारास गृहमंत्री होते हारा ताकाशी, जे आदल्या वर्षीच फुरुकावा कंपनीचे उपाध्यक्ष होते. जून १९०७ च्या अखेरीस, न हटलेल्या सोळा घरांवर माणसे चालून गेली. जुलैच्या ५ तारखेपर्यंत घरे मोडली गेली. लोकांनी तिथेच झोपड्या उभारल्या, पावसात त्या वाहून गेल्या, पुन्हा उभारल्या. शोझो त्यांच्यातच.

शेवटची तीन-चार वर्षे हा सत्तरीचा माणूस नद्या पायी पालथ्या घालत होता. वातारासे, तोने आणि त्यांचे फाटे. प्रत्येक गावात विचारायचे की पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढले होते. आणि उत्तर वहीत टिपायचे. सरकारी अभियंत्यांच्या नकाशाला उत्तर म्हणून त्यांना स्वतःचा नकाशा हवा होता. पूर रोखायचा तर पाणी अडवण्याआधी त्याची वाट मोकळी करा आणि डोंगरावर झाडे लावा, असे त्यांचे मत बनले.

ऑगस्ट १९१३ मध्ये अशाच फेरीत एका शेतकऱ्याच्या घरी ते कोसळले आणि महिनाभराने, ४ सप्टेंबरला, तिथेच गेले. उशाशी कात्सु होती. काडीमोडाचा कागद पाठवला गेला तरी ती कुठे गेली नव्हती. घर आणि जमीन शोझोंनी गावाच्या उपयोगासाठी देऊन टाकली होती. मागे राहिली एक झोळी. तिच्यात बायबलचा नवा करार, राज्यघटना आणि मॅथ्यूचे शुभवर्तमान एकत्र शिवलेली वही, तीन डायऱ्या, एक अपुरा मसुदा, नाक पुसायचे कागद, थोडे नदीतले खाण्याचे शेवाळ आणि तीन लहान दगड. वाटेत दिसलेले गोटे उचलून खिशात टाकायची त्यांना सवय होती. अंत्यविधीला हजारो माणसे लोटली. अस्थींसाठी गावागावांत ओढाताण झाली आणि त्या वाटून घ्याव्या लागल्या. यानाकाच्या लोकांना भरपाई कमी दिली गेली असे वरच्या न्यायालयाने मान्य केले ते १९१९ मध्ये.

जमिनीचे मात्र भोग संपले नव्हते. १९५६ मध्ये आशियोत फिनलंडच्या पद्धतीची नवी भट्टी आली. तीत गंधकाचा वायू पकडून त्याचे आम्ल करून विकता येई, तेव्हा कुठे धूर थांबला. जे काम हुकुमाने झाले नाही ते विक्रीयोग्य माल निघताच झाले. १९५८ मध्ये खाणीच्या चुऱ्याचा एक ढिगारा फुटला आणि विष पुन्हा शेतांत गेले. १९७१ मध्ये तिथल्या तांदळात कॅडमियम सापडले. शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा जपानने १९७० मध्ये केला होता, त्याखाली माती बदलण्याची कामे पुढे वर्षानुवर्षे चालली. खाण १९७३ मध्ये बंद झाली. १९७४ मध्ये सरकारी लवादापुढे कंपनीने आपली जबाबदारी मान्य करून शेतकऱ्यांना १५५ कोटी येन दिले. शोझोंच्या पहिल्या प्रश्नाला तोवर त्र्याऐंशी वर्षे होत आली होती.

यानाकाच्या जागी आज तेहतीस चौरस किलोमीटरचा पाणथळ प्रदेश आहे, बोरूचे रान आणि पक्षी. २०१२ मध्ये तो रामसर यादीत गेला. तिथला तलाव नकाशावर बदामाच्या आकाराचा दिसतो. कारण प्रेमळ नाही. खणताना गावाचे देऊळ आणि थडगी बुडू नयेत म्हणून वारसदार आडवे उभे राहिले, तेव्हा त्या बाजूला आत वळण घ्यावे लागले. आशियोच्या उघड्या डोंगरांवर स्वयंसेवक १९९६ पासून झाडे लावत आहेत. खडकावर माती नसल्याने ती पाठीवर वाहून न्यावी लागते. मे २०१४ मध्ये सम्राट आकिहितो सानोच्या संग्रहालयात गेले आणि त्यांच्या पणजोबांच्या हाती न पोचलेला तो शिक्के मारलेला अर्ज त्यांनी पाहिला.

मार्च २०११ च्या भूकंपात, १९५८ मध्ये फुटलेला तोच ढिगारा पुन्हा घसरला आणि नदीच्या पाण्यात शिसे मर्यादेच्या जवळपास दुप्पट आढळले. बंद खाणीच्या बोगद्यांतून आम्लयुक्त पाणी अजून झिरपते. ते गोळा करतात, चुना घालतात, गाळ निवळवतात, वरचे पाणी नदीत सोडतात आणि खालचा गाळ डोंगरातल्या बंधाऱ्यामागे नेऊन टाकतात. हे काम दररोज चालते आणि ते कधी थांबवता येईल अशी कुठलीही तारीख कोणी दिलेली नाही.